सुरी केवढी असावी?



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या मुलाने पहिल्या पगारातून आईसाठी सुऱ्यांचा संच घेतला. ५ सुऱ्या, लाकडी ठोकळा, वर चकचकीत खोका. त्या लिहितात, "सर्वांत मोठी सुरी हातात धरली की भीती वाटते, लहानीने भोपळा चिरत नाही, आणि मी अजून विळीवरच बसते आहे. मग या पाचांतली कामाची कोणती?" आम्ही त्यांना पत्राने उत्तर दिले, पण प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणून आजचे सदर त्यावरच लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : पाते जेवढे काम तेवढेच लांब असावे. साध्या घराला दोन सुऱ्या पुरतात. एक ३ इंची, दुसरी ६ इंची. घराबाहेर नेण्याची वेळ आलीच तर ३ इंची मिटणारा चाकू बास. याहून लांब पात्याने स्वयंपाक सोपा होत नाही, वाढते ती जोखीम. हाताची, आणि तरुण मुलांच्या बाबतीत आयुष्याचीही.

आधी मोजायचे कसे ते पाहू. दुकानदार "१० इंची सुरी" म्हणतो तेव्हा पुष्कळदा मुठीसकट लांबी सांगतो. आपण मोजायचे ते फक्त पाते, टोकापासून मूठ सुरू होते तिथपर्यंत. आपल्या आया-आज्या बोटांनी मोजत. एक आडवे बोट म्हणजे सुमारे पाऊण इंच. या हिशेबाने ४ बोटे म्हणजे ३ इंच, ८ बोटे म्हणजे ६ इंच आणि १२ बोटांची वीत म्हणजे ९ इंच. हात लहान-मोठे असतात, म्हणून अचूक माप हवे असेल तर मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी काढावी. ती १५ सेंटीमीटरची असते, म्हणजे जवळजवळ ६ इंचांची. घरातली मोठी सुरी या पट्टीएवढी असली की झाले.

लहान सुरी कशासाठी? लसूण सोलणे, बटाट्याचे डोळे काढणे, मिरचीचे देठ, भेंडीची टोके, मुलांना डब्यात सफरचंद किंवा पेरू कापून देणे. ही कामे हातात धरून करायची असतात. येथे पाते लांब असले की टोक कुठे आहे याचे भान राहत नाही. लक्ष अंगठ्यापाशी असते आणि टोक दुसऱ्या हाताच्या तळव्यात जाते. तर्जनी सरळ केली की तिचे टोक पात्याच्या टोकाजवळ पोचावे, इतकीच लांबी हातात धरून कापायला सुरक्षित. ती ३ ते साडेतीन इंचांवर जात नाही.

मोठी सुरी पाटावर चिरण्यासाठी. कांदा, कोबी, मेथीची जुडी, टोमॅटो, लाल भोपळा. येथे लहान पाते अपुरे पडते, कारण चिरणे म्हणजे दाबणे नव्हे, ओढणे आहे. पाते पुढे-मागे सरकले तरच धार काम करते. ज्या वस्तूतून पाते जायचे तिच्या रुंदीपेक्षा ते दोन बोटे जास्त असावे, म्हणजे सरकायला जागा राहते. कांदा, टोमॅटो अडीच-तीन इंचांचे. ६ इंची पाते त्यांना भरपूर झाले. कोबीचा गड्डा मोठा असेल तर आधी दोन फोडी कराव्यात. कलिंगडाला वीतभर पाते हवे असे वाटते, पण ६ इंचीने चोहोबाजूंनी चीर देऊन हाताने उघडले की तेही होते. भोपळ्यावर सुरी रोवून वर हाताने ठोसे मारणे मात्र सोडा. आधी देठाकडून एक चकती कापून बूड सपाट करावे, भोपळा त्या बुडावर बसवावा, मग वरून खाली हळूहळू ओढत न्यावे.

लांबीबरोबर रुंदीही पाहावी. अरुंद पात्याची सुरी पाटावर धरली की बोटांची पेरे पाटावर आपटतात. मुठीजवळ दीड इंच रुंद पाते असले की हात मोकळा राहतो.

८ इंची सुरी कोणाला लागते? हॉटेलात, कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या स्वयंपाकात ज्यांना २० किलो कांदा चिरायचा असतो त्यांना. त्यांच्याकडे चार फुटांचा ओटा असतो, मोठा पाट असतो. आपल्याकडे १० बाय १०च्या खोलीत गॅसची शेगडी, पाण्याची कळशी आणि डबे यांच्यामध्ये हातभर जागा. पाट पात्याहून दोन इंच तरी लांब असावा लागतो. ८ इंची सुरी त्या जागेत फिरवली की तिचे टोक ओट्याबाहेर येते, आणि ओट्याबाहेर त्याच उंचीवर लेकराचा चेहरा असतो. पत्रलेखक भगिनींना जी भीती वाटली ती भित्रेपणा नव्हे, ती योग्य समज आहे. त्यांना आम्ही लिहिले की पाचांतल्या दोन वापरा, पाव कापायची दातेरी सुरी असेल तर तिने टोमॅटोही छान कापले जातात, आणि बाकीच्या कापडात गुंडाळून वर ठेवा. मुलाला नाराज करू नका, त्याने प्रेमाने आणल्या आहेत.

विळीबद्दल दोन शब्द. विळी वाईट नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, पाते स्थिर असते, शिवाय टोकाला खोवणी. पण तिला जमिनीवर बसावे लागते, आणि उघडी विळी म्हणजे रांगत्या मुलाच्या उंचीला उभे केलेले पाते. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी सुरीकडे वळावे. ज्यांना विळीच सोयीची वाटते त्यांनी उठताना ती मिटवून किंवा आडवी करून भिंतीकडे तोंड करून ठेवावी, अगदी दारावर कोणी हाक मारली तरी.

आता धार. लोकांना वाटते, बोथट सुरी सुरक्षित. उलट आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते टोमॅटोच्या सालीवरून घसरते आणि बोटावर येते. गल्लीत सायकलवर चाक लावून धार करणारा येतो त्याच्याकडून वर्षातून दोनदा धार लावून घ्यावी, आणि मधल्या काळात घरीच. दगड नसेल तर चिनी मातीची बरणी किंवा कप उलटा करा. बुडाशी चकाकी नसलेली एक खरखरीत कड असते. त्या कडेवर पाणी लावून पाते ओढायचे. पाते किती तिरके धरायचे यात सगळी कला आहे. पात्याची रुंदी पाऊण इंच असेल तर त्याची पाठ पाव इंच वर उचलावी. दीड इंच असेल तर अर्धा इंच. म्हणजे रुंदीच्या एक तृतीयांश. दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा सारखे ओढावे, मग ओल्या फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसावे. स्टीलच्या सुरीला गंज कमी, पण धार लवकर जाते असा पुष्कळांचा अनुभव. साध्या पोलादाची सुरी धार चांगली धरते, मात्र लिंबू-चिंच कापून तशीच ठेवली तर काळी पडते. तिला लगेच धुवावे, कोरडे करावे आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. घेताना मूठ पाहावी. पाते मुठीत शेवटपर्यंत गेलेले आणि रिबिटांनी पक्के केलेले असावे. प्लॅस्टिकच्या मुठीत बोटभरच पाते घुसवलेली सुरी एके दिवशी भोपळ्यात पाते ठेवून मूठ हातात देते.

सुरी मुलांच्या हाती कधी द्यावी? आमच्या मते साधारण १० वर्षांचे मूल समोर बसवून लहान सुरीने केळे, काकडी कापू शकते. आणि मूल म्हणजे मुलगाही. भाजी चिरायला मुलीला हाक मारायची आणि मुलाने क्रिकेट पाहायचे, हे बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात शोभत नाही. सुरी देताना मूठ समोरच्याकडे करावी. सुरी हातातून सुटली तर झेलू नये, पाय मागे घ्यावेत.

सुरीभोवती अंधश्रद्धाही पुष्कळ चिकटल्या आहेत. ग्रहण लागले की गरोदर बाईने चिरू-कापू नये, नाहीतर बाळाला व्यंग येते म्हणतात. चंद्राची सावली पृथ्वीवर पडल्याने ओटीतल्या बाळाचा ओठ फाटत नाही. फाटलेल्या ओठाची कारणे डॉक्टर सांगतात आणि शस्त्रक्रियेने तो नीटही होतो. दुसरी चाल याहून धोक्याची. बाळंतिणीच्या उशाखाली किंवा पाळण्यात विळा, सुरी ठेवायची, म्हणजे वाईट शक्ती येत नाही. १९५६ साली नागपुरात २२ प्रतिज्ञा घेऊन सात दशके झाली तरी काही घरांत आजी गुपचूप हे करते असे आम्ही ऐकतो. आजीशी भांडू नका, पण झोपेत हात-पाय मारणाऱ्या तान्ह्याजवळून ते पाते आजच काढा.

येथवर घरातले झाले. आता बाहेरचे. सदराचा हा भाग भगिनींनी आपल्या तरुण मुलांना वाचून दाखवावा.

बाहेर सुरी लागते ती कशाला? नागपूरच्या दीक्षाभूमीला निघालो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आलो, रेल्वेत काकडी-कांदा कापला, गाठोड्याची दोरी तोडली. या सगळ्याला ३ इंची मिटणारा चाकू पुरतो. तो घेताना पाते उघडल्यावर अडकते का, हे पाहावे. अडकण नसलेल्या चाकूने कशात टोक खुपसायला गेलो तर पाते उलटे मिटून आपल्याच बोटांवर येते. बटण दाबताच उडणारे पाते नको. काकडीला एवढी घाई नसते. हिंदी सिनेमाने गाजवलेला रामपुरी चाकू पुष्कळांना ठाऊक आहे. त्या रामपूर शहराने २०२३ साली चौकात सुमारे २० फुटी चाकू उभा केला आहे. त्याने एक कांदाही चिरता येत नाही, ही गोष्ट निराळी. विमानाने जाणार असाल तर सोबतच्या पिशवीत चाकू चालत नाही, तो सामानात द्यावा लागतो. मेट्रोतही तपासणी असते, तिथे शक्यतो नेऊच नये.

सहलीला लेण्यांवर जाणाऱ्या मंडळांनी एक ध्यानात घ्यावे. कान्हेरी लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकूही आहे, आणि अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. फळे घरूनच कापून डब्यात न्यावीत. आणि चाकूच्या टोकाने लेण्यांच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्यांना काय म्हणावे? दोन हजार वर्षांपूर्वी धम्मासाठी कोरलेल्या दगडावर 'अमुक लव्ह तमुक'! संरक्षित स्मारकाची अशी खराबी केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हे आधीच सांगावे.

आता लांबीचा कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालील नियम आज २०१६चे आहेत. त्यांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे, कुकरी, तलवारी वगैरे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे वगळली आहेत. म्हणजे आपल्या १२ बोटांच्या विती­ला येऊन कायदा उभा राहतो. मात्र याचा अर्थ ८ इंची सुरा कमरेला लावून फिरायला हरकत नाही, असा कोणी काढू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७ प्रमाणे पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी आपल्या हद्दीत सुऱ्या, लाठ्या, भाले जवळ बाळगण्यास मनाई करू शकतात, आणि सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश वारंवार निघतात. त्या आदेशात पाते किती इंची याला महत्त्व नसते. सुरी कशासाठी जवळ होती, याचे उत्तर द्यावे लागते.

कॅन्टीनमधला आचारी, ऊसतोड करणारा, नारळवाला, चर्मकाम करणारा यांना हत्यार घेऊन प्रवास करावाच लागतो. त्यांनी पात्याला पुठ्ठ्याचे किंवा कातड्याचे आवरण करावे, गोणपाटात गुंडाळून दोरीने बांधावे, पिशवीच्या तळाशी ठेवावे आणि कामाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. बांधलेले हत्यार कामाचे दिसते. उघडे, कमरेला खोचलेले दिसले की कोयताही शेतीचे अवजार राहत नाही. २०२२-२३ साली पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रोज येऊ लागला. ज्या अवजाराने आपल्या हजारो कुटुंबांचे पोट भरते, त्याचे नाव गुंडांच्या टोळीला मिळाले.

सर्वांत काळजीची गोष्ट वेगळीच आहे. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, त्याचे चित्रण करून मोबाईलवर टाकायचे. ही खुळे वस्त्या-वस्त्यांत पोचली आहेत. केक लोण्यासारखा मऊ असतो, तो चमच्यानेही कापला जातो. पण त्या चित्रणावरून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात कितीतरी वेळा आल्या आहेत. पुढे काय होते ते मुलांना ठाऊक नसते. पोलीस भरती असो, रेल्वे असो, पालिका असो, नोकरीपूर्वी चारित्र्य पडताळणी होते. १९ व्या वर्षी नोंदवलेला गुन्हा २४ व्या वर्षी निवड यादीत नाव आल्यावर समोर उभा राहतो. आई धुणीभांडी करून क्लासची फी भरते, बाप रात्रपाळी करतो, आणि दोन फुटांच्या पात्यापायी सगळे अडून बसते. श्रीमंताच्या मुलाला वकील मिळतो. आपल्या वस्तीतल्या मुलाची झडती आधी होते आणि त्याचे ऐकले मागाहून जाते, हा अनुभव कोणाला नवा नाही. म्हणून आपल्या मुलांनी दुप्पट सावध असावे असे आम्ही म्हणतो. हे अन्यायाचे आहे, पण आजचे वास्तव आहे.

काही भगिनी विचारतात की रात्रपाळीहून येणाऱ्या मुलीने संरक्षणासाठी पर्समध्ये सुरी ठेवावी का? आमचे उत्तर, नको. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, तो भारतीय न्याय संहितेतही आहे. पण सुरी चालवण्याचा सराव नसलेल्या हातातून ती हिसकावली जाते आणि मग ती समोरच्याची होते. जोरात ओरडणे, उजेडाकडे आणि माणसांकडे पळणे, ११२ क्रमांक फिरवणे, दोघी-तिघींनी मिळून येणे, हे अधिक उपयोगी.

बौद्ध माणसाने सुरी जवळ बाळगावी काय, असाही प्रश्न एका तरुणाने केला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात याची छान हकीकत आहे. भिक्खू चीवरासाठी कापड हाताने फाडत, त्यामुळे चीवर वेडेवाकडे होई. तथागतांनी त्यांना लहान सुरीची आणि तिला गुंडाळायला लोकरी आवरणाची अनुमती दिली. पुढे काही भिक्खूंनी सोन्या-चांदीच्या मुठी करून घेतल्या, तेव्हा त्यांना मनाई झाली. हाड, शिंग, बांबू, लाकूड अशा साध्या मुठी चालतील असे ठरले. काम आहे तर सुरी आहे, काम झाले की ती आवरणात, आणि मिरवण्यासाठी मुळीच नाही. उपासकांसाठी तर अंगुत्तर निकायात पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत पहिला शस्त्रांचा आहे. तलवारी मागवून चार मित्रांना विकणाऱ्या मुलांनी हे वाचावे.

हात कापलाच तर हळद, चहाची पूड, कॉफी भरू नये. जखम घाण होते आणि डॉक्टरला खोली दिसत नाही. वाहत्या पाण्याने धुवून स्वच्छ कापडाने १० मिनिटे घट्ट दाबून धरावे, हात हृदयाच्या वर उचलावा. मधे मधे उघडून पाहू नये. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर झाले असेल तर घरी थांबू नये, दवाखान्यात जावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे तिथे विचारावे.

राहता राहिली ती निकामी सुऱ्यांची गोष्ट. मोडलेले पाते, दाढीचे ब्लेड, फुटकी काच आपण कचऱ्याच्या पिशवीत तशीच टाकतो. ती पिशवी पहाटे कोण उचलतो? आपलाच कोणी भाऊ, कोणाची तरी आई, पुष्कळदा हातमोज्याशिवाय. तीन इंची पाते असो की बोटभर ब्लेड, वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळावे, वरून चिकटपट्टी किंवा दोरी बांधावी आणि जुन्या पत्र्याच्या डब्यात जमा करावे. डबा भरला की झाकण पक्के करून भंगारवाल्याच्या हाती द्यावा, आणि आत काय आहे ते त्याला तोंडाने सांगावे.